चार तास नुसत्या सायकलीच? टीव्हीवरची शर्यत बघायची कशी

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ जन्मभर क्रिकेट बघत आले. मुलाच्या आग्रहानं या जुलैत त्यांनी पहिल्यांदा टूर द फ्रान्स ही २१ टप्प्यांची सायकल शर्यत लावली आणि एक अख्खा टप्पा चार तास बसून बघितला. तीन तास सूर्यफुलांची शेतं, किल्ले, चर्च. पुढे पळालेले पाच जण शेवटी पकडले गेले, दोन मिनिटं धुमश्चक्री झाली, आणि निकाल बघतात तर शंभरावर लोकांची वेळ एकच! ‘यात बघायचं काय, आणि कधी बघायचं?’ असं ते विचारतात. जाता जाता एक टोमणाही आहे: दिग्दर्शकाला शर्यत दाखवायची असते की फ्रान्सचं पर्यटन?

टोमण्यापासूनच सुरू करतो, कारण तो माझ्या धंद्याला लागतो. मी इंदूरचा, रामबागेत वाढलेला. वीसेक वर्षं इथल्या केबलसाठी लाइव्ह मिक्सिंग केलं. म्हणजे चार-पाच कॅमेऱ्यांची चित्रं समोर असतात आणि त्यातलं कुठलं घराघरांत जाणार ते बटण दाबून ठरवायचं. रंगपंचमीची गेर म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, आणि अनंत चतुर्दशीच्या गिरण्यांच्या झांक्या म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, हे आमचे मोठे दिवस. सायकलची शर्यत मी कधी कव्हर केलेली नाही, फक्त बघतो, पण वेड्यासारखा बघतो. आणि चालत्या मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण ज्यानं एकदा केलंय, त्याला टूरच्या दिग्दर्शकाबद्दल राग येत नाही, कीव येते.

क्रिकेटमध्ये मैदान एका जागी असतं आणि कॅमेरे त्याच्या भोवती. कोणाचाही कॅमेरा असो, तो चेंडूकडेच वळलेला. इथे मैदानच पळतंय, ताशी ४५ किलोमीटरनं, आणि त्याचे चार तुकडे झालेत. पुढे पाच जण, मागे मुख्य घोळका, त्याच्या मागे घाटात सुटलेले, आणि कुठेतरी मध्येच पंक्चर झालेला एखादा मोठा खेळाडू. पडदा एकच.

एका चतुर्दशीला माझं काय झालं ते सांगतो. जेल रोड, कृष्णपुरा, खजुरी बाजार आणि राजवाडा असे चार कॅमेरे होते. रात्रीचे दोन वाजले असतील. कृष्णपुऱ्याला एका गिरणीची झांकी आली होती, दिव्यांचा भलामोठा मोर, पिसारा उघडायचा आणि मिटायचा. मी त्याच्यावरून हलेना. कानातल्या टॉकबॅकवर जेल रोडचा कॅमेरावाला पोरगा ओरडतोय, ‘सर, इकडे घ्या, इकडे घ्या!’ मी म्हटलं, थांब जरा, पिसारा उघडू दे. तिकडे अखाड्यातली दहा-अकरा वर्षांची मुलगी दोन्ही टोकं पेटवलेली बनेटी फिरवत होती आणि अख्खा रस्ता श्वास रोखून उभा होता. मी कट केला तेव्हा ती वाकून नमस्कार करत होती. सकाळपर्यंत फोन येत होते. दाखवणारा नेहमी एका जागी असतो आणि गोष्ट दुसऱ्या जागी घडते. टूर बघताना हे मनात ठेवा, निम्मा वैताग तिथेच संपेल.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला कंटाळा आला कारण तुम्ही चेंडू शोधत होता. तुम्ही माणसांकडे बघत होता, आणि माणसं तीन तास एकच गोष्ट करत असतात, पायडल मारतात. सायकल शर्यतीतला चेंडू म्हणजे अंतर. पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे असतात: किती किलोमीटर उरले, आणि पुढचे मागच्यांपेक्षा किती मिनिटं-सेकंदांनी पुढे आहेत. सगळा खेळ या दोन आकड्यांत आहे.

का, ते कळायला हवेचं गणित लागतं. एकट्यानं सायकल हाणली की सगळी हवा छातीवर. दुसऱ्याच्या मागे चिकटलात की बराच भार हलका होतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनच्या बर्ट ब्लॉकन यांच्या चमूनं २०१८ मध्ये १२१ जणांच्या घोळक्याचा अभ्यास केला, तेव्हा असं दिसलं की घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्याला एकट्याच्या मानानं अवघा ५ ते १० टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो. पाच जण पळालेत म्हणजे दर काही सेकंदांनी प्रत्येकाला पुढे येऊन हवा खावी लागते. मागे दीडशे जण आरामात बसलेत आणि दोन-तीन टीमची चार-सहा माणसं पाळीपाळीनं ओढतायत. पुढचे हळूहळू रिकामे होतात.

मग लगेच का पकडत नाहीत? पतंग उडवलाय ना कधी? संक्रांतीला आपण ढील देतो तसं. दोन मिनिटं, तीन मिनिटं, चार मिनिटं जाऊ देतात, मग हळूच मांजा ओढायला लागतात. फार लवकर पकडलं तर ताज्या दमाचे दुसरे पाच जण निसटणार आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये पकडायचं, असा हिशेब मांडतात. रॉबेर शापात म्हणून एक जुने रेसर पुढे फ्रेंच टीव्हीवर कॉमेंट्री करायचे. त्यांच्या नावानं एक ठोकताळा आजही चालतो: घोळक्यानं मनावर घेतलं तर दहा किलोमीटरमध्ये एक मिनिट खाऊन टाकतो. स्वतः करून बघा. पुढचे ताशी ४५ नं जात असतील तर एक मिनिट म्हणजे ७५० मीटर. दहा किलोमीटर जायला त्यांना १३ मिनिटं २० सेकंद लागतील. तेवढ्या वेळात मागच्यांना पावणेअकरा किलोमीटर यायचंय, म्हणजे ताशी साधारण ४८.४. फक्त साडेतीन किलोमीटर जास्त वेग! दीडशे जणांच्या घोळक्याला सपाटीवर ते जमतं. पुढच्या पाचांना मात्र आपला वेग आणखी ताशी दोननं वाढवायचा म्हटलं तरी तोंडाला फेस येतो.

तर ३० किलोमीटर उरलेत आणि अंतर अडीच मिनिटं, म्हणजे पकडणार. ३० उरलेत आणि अंतर चार मिनिटं, म्हणजे मागे कुणाचं तरी गणित चुकलंय आणि आता खुर्ची पुढे ओढायची. रस्ता चढाचा असेल, पाऊस असेल, मागे ओढायला कुणी तयार नसेल, तर हा ठोकताळा कोलमडतो. तो कोलमडताना बघणं हीच तर मजा.

पण आकड्यावर इतका भर देतोय त्याचं खरं कारण वेगळं आहे. चित्र खोटं बोलतं. मुद्दाम नव्हे, भिंगामुळे. पळालेल्या पाचांच्या पुढे मोटरसायकल असते, तिच्यावर मागे तोंड करून कॅमेरामन बसलेला. त्यानं झूम लावला की लांबच्या भिंगात अंतर चेपलं जातं, आणि सरळ रस्त्यावर अर्धा किलोमीटर मागे असलेला घोळका पाचांच्या मानगुटीवर बसल्यासारखा दिसतो. गेरमध्ये आम्ही हीच चलाखी करायचो. गच्चीवरून झूम लावून घेतलं की अर्धा भरलेला रस्ताही मुंगी शिरणार नाही असा दिसायचा, आणि मालक खूश. म्हणून मोटरसायकलचं चित्र दिसलं की विश्वास ठेवू नका, आकडा बघा. हेलिकॉप्टरचं चित्र आलं की मात्र नीट बघा, वरून अंतर लपत नाही.

चढाचंही तसंच. टीव्हीवर घाट सपाट दिसतो. आमच्या सायकलवाल्या पोरांबरोबर मी एकदा सिमरोलच्या घाटात गेलो होतो. जीव घशाशी आला. फोनवर शूटिंग केलं होतं, घरी येऊन लावलं तर एमजी रोडवर फिरायला निघाल्यासारखं वाटत होतं! तेव्हापासून चढ मी रस्त्यावरून ओळखत नाही, खांद्यांवरून ओळखतो. खांदे डोलायला लागले, तोंड उघडं पडलं, जर्सीची चेन खालपर्यंत ओढली, की समजायचं. आणि कोणाच्या सायकलपुढे एका हाताएवढी फट पडली ते बघायचं. एक हात फट म्हणजे हवेचा आडोसा गेला. पुढच्या वळणावर ती दहा मीटर झालेली असते, आणि तो माणूस त्या दिवसापुरता संपलेला असतो. मुंबई–पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ आपल्याकडे ऐकून माहीत असतो. टूरमध्ये त्याला लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. पण ती जर्सी कोण घालतो याच्यापेक्षा ही हातभर फट मला जास्त बघावीशी वाटते.

आता किल्ले. टूर १९०३ मध्ये सुरू झाली तीच ‘लोतो’ नावाच्या पेपरचा खप वाढावा म्हणून. पेपर पिवळ्या कागदावर छापायचे, आणि १९१९ पासून आघाडीवीराला, म्हणजे सगळ्या टप्प्यांची मिळून ज्याची वेळ सगळ्यांत कमी त्याला, जर्सी मिळाली तीही पिवळीच. म्हणजे जे तिथे हजर नाहीत त्यांच्यासाठीच हा तमाशा पहिल्यापासून मांडलेला आहे. पुढे टीव्ही आला, हेलिकॉप्टर आलं, तर किल्ले दाखवणारच. शेतकरीही गवताचे भारे आणि ट्रॅक्टर लावून शेतात भल्यामोठ्या सायकली रेखतात, कारण वरून कॅमेरा जाणार हे त्यांना माहीत असतं. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

शिवाय त्या हेलिकॉप्टरमधून एक फार मोठी गोष्ट दिसते, ती म्हणजे वारा. किल्ल्यावरचा झेंडा कुठल्या दिशेला फडफडतोय, झाडं कशी वाकलीयत, ते बघा. वारा बाजूनं असेल तर पुढच्याच्या थेट मागे राहून आडोसा मिळत नाही, त्याच्या तिरक्या बाजूला यावं लागतं. रस्त्याच्या रुंदीवर अशी तिरपी रांग पंख्यासारखी पसरते. रस्ता संपला की रांगही संपते. पंधरा-वीस जणांना जागा मिळते, बाकीचे कडेला एकामागे एक लटकतात, आणि मग तुकडे पडतात. २०१३ च्या १३ व्या टप्प्यात, संपूर्ण सपाट रस्त्यावर, पिवळ्या जर्सीतल्या ख्रिस फ्रूमनं असाच १ मिनिट ९ सेकंदांचा फटका खाल्ला. त्याचा प्रतिस्पर्धी व्हॅल्व्हेर्दे याचं त्याच दिवशी चाक गेलं आणि तो जवळपास १० मिनिटांनी मागे पडला. ना घाट, ना पाऊस. तेव्हा दिग्दर्शक किल्ला सोडून अचानक शेतातल्या वाकलेल्या पिकावर गेला, तर चहा ओट्यावर ठेवा आणि परत या. त्याला काहीतरी दिसलंय.

मध्येच चित्र गोठतं, चौकोन-चौकोन दिसतात, त्याचंही विचारलंय. तुमच्या केबलवाल्याला शिव्या देण्याआधी हे वाचा. मोटरसायकलवरून सिग्नल सरळ टीव्हीपर्यंत येत नाही. तो वर हेलिकॉप्टर किंवा विमानाकडे जातो, तिथून खाली शेवटच्या रेषेजवळच्या ओबी व्हॅनकडे (प्रक्षेपणाच्या गाडीकडे), आणि मग जगात. दाट झाडी, बोगदा, खोल दरी आली की मधला दुवा तुटतो. आणि हवामान इतकं खराब झालं की वरची मंडळी उडूच शकत नाहीत, तर शर्यत चालू राहते आणि टीव्ही आंधळा होतो. २०२१ च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीतल्या टूरसारख्याच शर्यतीत, कोर्तिनाच्या टप्प्याला हेच झालं. गुलाबी जर्सीतला (तिथल्या आघाडीवीराची ती) एगान बर्नाल पासो जाउच्या घाटावर सगळ्यांना सोडून एकटा गेला, आणि जगानं तो हल्ला बघितलाच नाही. फक्त शेवटी तो धुक्यातून आला, जर्सी दिसावी म्हणून पावसाचं जॅकेट काढलं आणि रेषा ओलांडली. तास-दीड तास मी रिकाम्या रस्त्याकडे बघत बसलो होतो. आमचा जीपवरचा वायरलेस कॅमेरा खजुरी बाजारच्या गल्लीत शिरला की दर वर्षी असाच मरायचा. त्या दिवशी इटलीतल्या त्या अनोळखी मिक्सिंगवाल्याला मी मनातल्या मनात म्हटलं, ‘भिया, समझ सकता हूँ.’

एक तक्रार मात्र माझीही आहे. दाखवणारे कधी कधी शर्यतीत लुडबुड करतात. मोटरसायकल फार जवळ राहिली तर पुढच्याला फुकटचा आडोसा मिळतो. त्याहून वाईट म्हणजे वाट अडते. २०१६ च्या टूरमध्ये मों व्हांतूच्या चढावर गर्दीत टीव्हीची मोटरसायकल अडकली, रिची पोर्ट तिच्यावर आदळला, मागचा फ्रूमही पडला, आणि सायकल मोडल्यावर पिवळी जर्सी घालून तो चक्क चढावर पळत सुटला. २०२३ मध्ये जू प्लान घाटाच्या माथ्याजवळ पोगाचारनं उसळी घेतली तर समोर मोटरसायकली. त्यातल्या दोघींना दुसऱ्या दिवशी शर्यतीबाहेर ठेवलं. आणि २०२१ चा पहिला टप्पा आठवा. एक बाई आजी-आजोबांसाठी लिहिलेला पुठ्ठा धरून रस्त्यात वाकली होती. तोंड टीव्हीच्या मोटरसायकलकडे, पाठ येणाऱ्या घोळक्याकडे. टोनी मार्टिन पुठ्ठ्यावर आदळला आणि मागे निम्मा घोळका भुईसपाट. आमच्याकडेही कॅमेरा दिसला की लोक गच्चीच्या कठड्याबाहेर कमरेपर्यंत वाकायचे. माझी छाती धडधडायची, आणि मी लगेच दुसरा कॅमेरा घ्यायचो, निदान त्यांची हौस तरी फिटू नये म्हणून.

सगळ्यांची एकच वेळ का, याचं उत्तर सोपं आहे. घोळक्यात सलग आलेल्या सगळ्यांना पहिल्याची वेळ देतात, नाहीतर सेकंदासाठी दीडशे जण एकमेकांवर चढतील. सपाट टप्प्यावर शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कोणी पडला तरी त्याला घोळक्याचीच वेळ मिळते, काही टप्प्यांवर ही हद्द वाढवतात. पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते, तेवढाच फरक. ‘एवढ्यानं काय होतं’ असं म्हणू नका. १९८९ ची टूर ग्रेग लेमॉन्डनं तीन हजारांहून जास्त किलोमीटरनंतर ८ सेकंदांनी जिंकली.

कधी बघायचं, हे तुमच्या वेळेवर आणि टप्प्याच्या जातीवर आहे. जुलैमध्ये फ्रान्स आपल्या साडेतीन तास मागे असतो, त्यामुळे टप्पा बहुधा आपल्या रात्री नऊच्या आसपास संपतो. सपाट टप्पा असेल तर शेवटचे २५ किलोमीटर पुरे. डोंगरी असेल तर शेवटचे दोन घाट तरी सोडू नका. आणि मधल्या, चढउताराच्या टप्प्यांवर एक उलटी गोष्ट करा: सुरुवात बघा. २०१७ पासून टूरचा प्रत्येक टप्पा पहिल्या किलोमीटरपासून दाखवतात, आणि तेव्हा आम्हाला कळलं की कित्येकदा खरी मारामारी पहिल्या तासातच असते, पळायला कोणाला मिळणार यावरून. त्यानंतर दोन तास ऑफिसचं काम करा, ताटं घ्या, परत या. रोज २१ दिवस बसायची काहीच गरज नाही. मी स्वतः निम्म्या टप्प्यांचा मधला भाग बघत नाही.

क्रिकेटवाल्याला पहिली गोडी लागायला मी एकच जुनी चीज सुचवीन: २०२० च्या टूरचा २० वा टप्पा, ला प्लांश दे बेल फीय. एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायचं, ३६.२ किलोमीटर, शेवटी घाट. रोग्लिच पोगाचारच्या ५७ सेकंदांनी पुढे होता आणि दुसऱ्या दिवशी पॅरिस. दोघं एका फ्रेममध्ये क्वचितच दिसतात, सगळं नाट्य कोपऱ्यातल्या आकड्यात. ५७ चे ४०, ४० चे २०, मग शून्य, आणि मग आकडा उलट्या बाजूनं वाढायला लागतो. अंतर म्हणजेच चेंडू, हे त्या एका तासात डोक्यात बसेल.

माझी पद्धत विचाराल तर मी कालनिर्णयच्या फाडलेल्या पानामागे दोन रकाने करतो, उरलेले किलोमीटर आणि अंतर. शेवटच्या ६० पासून दर दहाला एक नोंद. मुलाला पेन्सिल देऊन बसवा, मोबाइल आपोआप बाजूला पडेल. आमच्या सौ. टूर बघत नाहीत, त्यांना त्या घट्ट चड्ड्या बघवत नाहीत. पण स्वयंपाकघरातून विचारतात, ‘कितीला आले?’ मी म्हणतो, ‘चाळीस, अडीच मिनिटं.’ ‘मग पकडतात. पानं घेते.’ आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं. फक्त २० जुलै २०२३ ला फसल्या. बूर्ग-आँ-ब्रेसच्या टप्प्यात चौघं पुढे होते, मागे स्प्रिंटरांच्या, म्हणजे शेवटच्या धुमश्चक्रीत जिंकणाऱ्यांच्या, टीम जीव तोडून ओढत होत्या, आणि अंतर असं की आमच्या घरच्या हिशेबानं ते कधीच पकडले जायला हवे होते. पानं वाढून झाली होती. शेवटच्या किलोमीटरला घोळका मागे दिसत होता, या वेळी भिंग खोटं बोलत नव्हतं, आणि तरी ते चौघं तुटेनात. त्यांच्यातल्या आस्ग्रीननं पहिली रेषा ओलांडली तेव्हा सौ. हातात वरणाचा डाव धरून माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘हे मागचे झोपले होते का?’